शिकलगाराची लावणी

मराठी शाहिरीचा विषय निघाला की रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, परशराम ही नावे ओळीने घेतली जातात आणि त्याच ओळीत सगनभाऊंचे नाव येते. ते मुसलमान होते, हेही लगेच कौतुकाने सांगितले जाते. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच सांगत आलो. पण आमचे कौतुक तिथेच थांबत असे. सगनभाऊंची रचना कोण ऐकत होते आणि तिला कसोटीला कोण लावत होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

सगनभाऊ मूळचे जेजुरीचे, पेशाने शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई. त्यावरून हा शब्द आला. तलवारींना, सुऱ्यांना धार लावायची आणि पाते चकचकीत करायचे, हे त्यांचे काम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, म्हणजे 1796 ते 1818 या वर्षांत, पुणे हे शाहिरांचे मोठे केंद्र होते. इथे होनाजी शिलारखाने होते, ते जातीने गवळी. तिकडे सिन्नरकडचे परशराम शिंपी.  दूध, सुई-दोरा, धार अशा धंद्यांतल्या घरांतून ही माणसे डफ-तुणतुण्याजवळ आली.

फडात रचना एकट्याची राहत नसे. होनाजींनी रचावे आणि बाळा करंजकरांनी गावे; सगनभाऊंनी रचावे आणि रामा गोंधळ्याने गावे. मुसलमान शिकलगाराचे शब्द गोंधळ्याच्या गळ्यातून पुण्याच्या रस्त्यांवर जात होते. कवीला आपला शब्द कुठे अडतो, कुठे ताल सोडतो, हे गाणाऱ्याच्या तोंडूनच आधी कळत असणार. पुढची परीक्षा समोरच्या फडाची. होनाजी आणि सगनभाऊ यांच्या फडांत चढाओढ होती. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याला जवाब द्यायचा आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे कौल द्यायचा. इथे जातीचा दाखला कामास येत नसे. जवाब जमला पाहिजे.

कलगी-तुऱ्याच्या फडांत हीच रीत तत्त्वज्ञानापर्यंत गेली. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. भेदिक लावणीतून एकमेकांना कोडी घालायची. या परंपरेचा उगम सांगणारी एक आख्यायिका आहे. चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसाव्याला तुरा आणि शाहअली फकिराला कलगी दिली, असे ती सांगते. ती खरी की खोटी, हा प्रश्न वेगळा. वाद घालणारे दोघे एकाच दरबारात, एकाच मानाने बसले होते, हे लोकांना आठवावेसे वाटले, एवढे आम्हाला पुरे आहे. संगमनेरच्या अनंत घोलपांना 'फंदी' हे नाव मलिक फंदी या फकिराच्या मैत्रीतून मिळाले, असे सांगतात, तेही याच वाटेवरचे.

समोरच्याच्या शब्दाने कवीची वाट बदलल्याच्याही कथा आहेत. अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून अनंत फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, मोरोपंतांच्या सहवासाने रामजोशी वळले, असे सांगितले जाते. लहानमोठा प्रत्येक रचनाकार कुणाच्या तरी कानाला जबाबदार होता.

1818 मध्ये पेशवाई गेली, आश्रय गेला. पुढे 1891 मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून छापले. शाहिरांच्या लावण्याही हळूहळू ग्रंथात आल्या. शब्द वाचले, पण छापील पानावर चाल उतरत नाही. जुन्या पद्यसंग्रहांत गीताच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून दुसऱ्याच गाण्याचे नाव दिलेले असते. एकाची चाल दुसऱ्याने उघडपणे घ्यायची आणि नाव सांगून घ्यायची, ही त्या व्यवहारातली सचोटी. मात्र ते मूळ गाणे गाणारे कोणी उरले नाही, तर ती ओळ मुकी होते.

म्हणून सगनभाऊंचे नाव अभिमानाने घेताना आम्हाला आता थोडी लाज वाटते. त्यांचा धर्म आम्ही लक्षात ठेवला, त्यांच्या चाली ठेवल्या नाहीत. ज्यांच्या घरी एखाद्या म्हाताऱ्या शाहिराच्या गळ्यात अशी चाल अजून असेल, त्यांनी ती ऐकून घ्यावी. आणि ऐकल्यावर, फडातल्यासारखे, काय जमले नि काय चुकले तेही सांगावे. सगनभाऊंना नुसत्या शाबासकीची सवय नव्हती.