कडाक्याच्या थंडीत केळीबाग : सखल प्लॉट आधी सांभाळा

सोयगाव तालुक्याचा बराचसा भाग अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, खानदेशाच्या बाजूला आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील थंड वारे येथे थेट पोहोचतात. शिवाय निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारावरील थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि नाल्याकाठच्या सखल शेतात साचते. त्यामुळे एकाच गटातील वरचा प्लॉट तरतरीत, तर खालचा पिवळा पडलेला दिसतो.

पिकावर होणारा परिणाम

सपाट भागात किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी झाल्यास हवामान विभाग थंडीची लाट मानतो. केळीची वाढ मात्र 16 अंशांखालीच मंदावते.

- कांदेबाग : रोपे लहान असल्याने मुळांची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात.
- मृगबाग : पाने जवळजवळ येतात, निसवण लांबते, घड पोंग्यात अडकतो.
- तयार घड : सालीखालील वाहिन्या तपकिरी होतात, पिकल्यावर फळ मळकट दिसते व दर कमी मिळतो.

उपाययोजना

1. बागेतील सर्वांत सखल जागी किमान तापमापक लावावा. गावातील आकडा आणि बागेतील आकडा वेगळा असू शकतो.
2. उत्तर व पश्चिम बाजूस शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण असावे. सखल कोपरा मात्र मोकळा ठेवावा. तो बंद केल्यास थंड हवा बागेतच तुंबते.
3. कोरडी जमीन दिवसाची उष्णता साठवत नाही. लाटेचा अंदाज मिळताच एक-दोन दिवस आधी ओल करून घ्यावी. थंडीच्या दिवसांत रात्री उशिरा किंवा पहाटे विहिरीचे पाणी द्यावे. ते हवेपेक्षा उबदार असते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये.
4. घड सच्छिद्र स्कर्टिंग बॅगने झाकावेत. हिरवी पाने कापू नयेत. करपाग्रस्त भाग काढून बागेबाहेर नष्ट करावा.
5. प्रति झाड 200 ते 250 ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी.
6. पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करावा. टायर, प्लास्टिक जाळू नये. ठिबकच्या नळ्यांपासून आग दूर ठेवावी. एक नळी वितळली तरी पुढील सर्व झाडे पाण्याविना राहतात.

ठिबकच्या नळीत पाणी गोठते का?

आपल्याकडे नाही. उघड्यावरील नळीतील पाणी रात्री थंड होते, पण 16 मिमीच्या 100 मीटर नळीत ते सुमारे 15 लिटरच असते. लाटेपूर्वी नळीच्या टोकाचे एंड कॅप उघडून गाळ काढावा, म्हणजे पहाटेचे पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोहोचते. मुख्य पाईप जमिनीत गाडलेला असावा.

लक्षात ठेवा

थंडीने करपलेल्या झाडाला लगेच जादा युरिया देऊ नये. मुळे थंड असताना ती नत्र घेत नाहीत. तापमान वाढून नवीन पान निघू लागल्यावरच खताचा हप्ता द्यावा. मनुष्यबळ कमी असेल, तर सुरुवात सखल प्लॉटपासून करावी.