आतून बघायचं भांडं

दोन वर्षांपूर्वी वैभववाडीच्या घरी माळ्यावरून दादीचा पितळी टोप खाली काढला. चिंच आणि राखेने घासला, तो सोन्यासारखा उजळला. मग त्यातच सोलं घालून बांगड्याचं कालवण केलं. दुपारी बरं लागलं. टोपात उरलेलं रात्री तोंडात घातलं, तर पार कळकलेलं. अम्मीने टोप उजेडाकडे धरला आणि एवढंच विचारलं, "बाहेरून घासलास रे, आतून बघितलंस काय?"

आत कल्हईचा मागमूस नव्हता.

स्वयंपाक शिकायचा म्हटलं की आपण पाककृती शोधतो. जुने लोक भांड्यापासून सुरुवात करत. इ. स. १२२६ मध्ये बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने 'किताब अल-तबीख' हा पाकग्रंथ लिहिला. पुढे बत्तीस वर्षांनी, १२५८ मध्ये, मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केलं. पुस्तक मात्र उरलं. त्यात पदार्थांआधी आचाऱ्याला शिस्त सांगितली आहे: नखं कापलेली असावीत, म्हणजे त्यात मळ साठणार नाही. भांडं दगडी असावं, नाहीतर मातीचं. तांब्याचं घ्यावंच लागलं तर कल्हई केलेलं. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यातलं अन्न त्याला सगळ्यात वाईट वाटतं. मांस शिजताना वर येणारा फेस काढून टाकावा, असंही तो बजावतो. त्याच्या कितीतरी कृती एकाच सवयीने संपतात: टोपाच्या कडा स्वच्छ फडक्याने पुसायच्या आणि पदार्थ मंद आचेवर मुरू द्यायचा.

हे वाचलं तेव्हा मला दादीच आठवली. ती आंबट कालवण मातीच्या मडक्यातच करायची. बगदादचं नावही तिने ऐकलं नसेल, पण भांड्यांचा क्रम तोच.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याची नोंद केली. बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. अन्न काढताना आचारी बाह्या सावरत आणि नाकातोंडापुढे हात धरत.

आपला 'कल्हई' हा शब्दही अरबी 'कलई'वरून आला; त्याचा अर्थ कथील. काम दिसायला सोपं. भांडं घासून भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा. त्याचा पांढरा धूर होतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायची आणि भांडं पाण्यात बुडवायचं. तांब्यापितळेतलं तांबं आंबटात उतरतं. कोकम, चिंच, ताक यांनी अन्न कळकतं, मळमळ होते, उलट्याही होतात. मध्ये कथलाचा पातळ पापुद्रा असला की हे टळतं. कोकणासारख्या आंबट खाणाऱ्या मुलखात तर तो हवाच.

माझ्या लहानपणी लग्नसराईआधी कल्हईवाला करूळ घाट उतरून यायचा. तो मुसलमान होता. वडाखाली भाता मांडायचा, आणि आमची देगची, शेजारच्या वाडीतल्या वाढप्यांची पातेली, देवळातली मोठी भांडी एकाच भट्टीवर चढायची. एरवी आमच्या घरचं पाणीही न घेणारी काही घरं होती. त्याने आतून पुसलेल्या पातेल्यात मात्र त्यांचं अन्न शिजायचं. यावर कोणी कधी बोललं नाही. पोटाला अपाय होऊ नये, एवढ्यापुरती तरी माणसं शहाणी होती.

मग अॅल्युमिनियम आलं, स्टील आलं. कल्हईवाला यायचा थांबला आणि भांडं आतून बघायची सवयही गेली. आता जुनी तांबं-पितळ पुन्हा हौसेने चुलीवर येत आहेत. ती वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन: तांबूस-पिवळा धातू आतून दिसू लागला की त्यात शिजवू नका. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या, शिसं मिसळलेली नको. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवू नका. आणि तारेच्या घासणीने खरवडू नका.

दादीचा टोप मी घाटावर नेऊन कल्हई करून आणला. अम्मीने तो हातात घेतला, बाहेरून पाहिलाही नाही. सरळ आत डोकावली आणि म्हणाली, "आता चुलीवर ठेव."