पाठशाळेतला परमाणू आणि लातूरच्या वर्गातला अणू



लेक ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला राहते. सुट्टीत नांदेडला घरी आली. मी कणीक मळत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, “आई, पाठशाळेतला परमाणू आणि केमिस्ट्रीतला अणू एकच का गं? सगळे म्हणतात, विज्ञानानं आपल्याकडूनच घेतलं.”

“हो” म्हणणं सोपं होतं. पण उद्या तिला ते खोटं दिसलं, तर माझ्याबरोबर ग्रंथावरचाही विश्वास जाईल. म्हटलं, थांब, आधी वाचू.

दशलक्षण पर्वात पाचव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय ऐकतो. त्यात उमास्वामींनी पुद्गल सांगितला आहे. ज्याचा पुढे भाग होत नाही तो परमाणू, अनेक जुळले की स्कंध. जुळायला कारण स्निग्ध आणि रूक्ष हे गुण. त्यांच्या अंशांत दोनचा फरक हवा. सर्वांत कमी अंशाचा परमाणू जुळतच नाही. कोरड्या पिठाला तेला-पाण्यानं बांधणाऱ्या आपल्याला हे लवकर कळतं!

हा विचार आपल्या मातीतही रुजला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अनेक इतिहासकार मानतात. त्यांच्याच काळात, इ. स. ८१६ मध्ये, वीरसेनाचार्यांनी ‘धवला’ टीका पूर्ण केली. तिच्या वर्गणा खंडात परमाणूंच्या बंधाची बारीक चर्चा आहे.

आता लेकीचं पुस्तक. १८०८ मध्ये डाल्टननं मांडलं, की प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळा, वजनही वेगळं. आपल्याकडे परमाणूची जात एकच. सोनं असो की पाणी, मुळात तेच. पुढे १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, म्हणजे अणूच्या आतही भाग निघाले. मग ज्याचा भागच होत नाही, तो आपला परमाणू हा कसा असेल?

१८६९ मध्ये मेंडेलीव्हनं तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं मांडली आणि काही घरं रिकामी सोडली. ॲल्युमिनियमखालच्या घराला त्यानं ‘एका-ॲल्युमिनियम’ म्हटलं. त्यातला ‘एक’ आपल्या संस्कृतातला! १८७५ मध्ये तिथं बसणारं गॅलियम सापडलं. आज ही घरं ११८ आहेत.

मी लेकीला सांगितलं, “दोन्ही एक नाहीत, बाळा. आचार्यांनी विचारानं शोधलं, यांनी तराजूनं. प्रश्न मात्र एकच होता: वस्तू शेवटी कशाची बनते? पेपरात डाल्टन लिही. पाठशाळेत उमास्वामी सांग. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवू नकोस. सत्य हेही आपलं व्रतच आहे.”

ती हसली. म्हणाली, “मग यंदा पाचव्या दिवशी मी तुझ्याशेजारी बसते.”

पोळ्या त्या दिवशी तिनंच लाटल्या.