समाधानाचा हिशेब : खानदेशातील आरोग्य, सुख आणि दोन कवी

गेली अनेक वर्षे आम्ही पदवीच्या वर्गांना बहिणाबाई चौधरी शिकवत आलो आहोत. आमच्या टिपणांत एक वाक्य वर्षानुवर्षे न बदलता टिकून राहिले होते : ‘प्रतिकूल परिस्थितीतही कवयित्रीची वृत्ती समाधानी राहिली.’ विद्यार्थी ते पाठ करत, उत्तरपत्रिकेत उतरवत आणि आम्ही त्याला गुण देत असू. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारले, ‘‘त्या समाधानी होत्या, की दुसरे काही करता येण्याजोगेच नव्हते?’’ तिचे वडील सालदार आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करताना असे लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर कवितेच्या आधी खानदेशाच्या इतिहासात शोधावे लागते.

माणसाचे आरोग्य त्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीवर ठरते, हा विचार काही आजचा नाही. १८४८ साली रुडॉल्फ फिरखो हा तरुण जर्मन वैद्य अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास गेला आणि परतल्यावर त्याने औषधांपेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न यांची शिफारस अधिक आग्रहाने केली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याचे घर, त्याचे अन्न, त्याचे अंथरूण यांचे वर्णन केले. ते वाचताना आपण एका समाजाच्या प्रकृतीचा अहवाल वाचत आहोत, असेच वाटते. विसाव्या शतकात मायकेल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. नोकरीतील पायरी जितकी खालची तितका मृत्यूचा धोका अधिक, असे त्यांना आढळले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली या विषयावरील अहवाल सादर केला. ही सूत्रे खानदेशाला लावून पाहिली, तर काय दिसते?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा खानदेश हा उजाड प्रदेश होता. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी केलेली लूट आणि पाठोपाठ आलेला दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले, आणि १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली. डोंगरातल्या भिल्लांना ‘शांत’ करण्याचा हा इतिहास आपण वाचतो. पण ज्या जंगलावर त्यांचा आहार आणि औषध दोन्ही अवलंबून होते, त्यावरचा त्यांचा हक्क हळूहळू कसा आक्रसत गेला, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे.

यानंतर आला कापूस. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मँचेस्टरला हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली. जळगाव हे कापसाच्या व्यापाराचे केंद्र बनले ते याच वर्षांत. त्या काळात शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र उरले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारापासून थोडे संरक्षण देणारा कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता.

पैशाची आवक वाढली म्हणजे माणसे अधिक सुदृढ आणि सुखी होतात, हे समीकरण येथे तपासून पाहण्यासारखे आहे. ज्वारी-बाजरीच्या कणगीत घराची काही महिन्यांची निश्चिंती असते. कापूस विकून आलेल्या पैशाने धान्य घ्यायचे ठरले, की ती निश्चिंती बाजाराच्या हाती जाते. भाव चांगला असेल तेव्हा हा सौदा फायद्याचा असतो. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्याच वर्षी कापूस हातचा जातो आणि धान्य महाग होते. शेतमजुराची स्थिती त्याहून बिकट असते, कारण त्याच्याकडे विकायला केवळ श्रम असतात आणि दुष्काळात ते घेणारा कोणी नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र मांडले : दुष्काळात माणसे मरतात ती अन्न नसल्यामुळेच असे नाही, ते मिळवण्याचे साधन हातात न राहिल्यामुळेही मरतात.

दुष्काळाच्या काळात सरकारने गरिबाच्या शरीराची किंमत किती केली होती, याची एक नोंद उद्बोधक आहे. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरास दिवसाला सुमारे एक पौंड धान्य पुरेल, असे मानून मजुरी उतरवली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर तिला विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. श्रम करणाऱ्या देहाला किती अन्न लागते, हा प्रश्न तिजोरीच्या वहीत सोडवला जात होता.

आता या पार्श्वभूमीवर बहिणाबाईंचे आयुष्य ठेवून पाहू. जळगावजवळच्या असोदे गावी त्यांचा जन्म झाला तो १८८० साली. तेराव्या वर्षी लग्न. त्या सोळा वर्षांच्या असताना, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत उतरला आणि रेल्वेच्या वाटेने गावोगाव पसरला. एकोणीस-वीस वर्षांच्या असताना १८९९–१९०० चा, संवत १९५६ मधला म्हणून ‘छप्पनचा’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ आला. गुजरात आणि खानदेशाच्या भिल्ल वस्तीने त्यात फार सोसले. उपासमारीबरोबर पटकी आली आणि पाऊस परतल्यावर, खंगलेल्या माणसांत, हिवतापाने बळी घेतले. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. अडतिसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ आली.

त्या साथीचे मुंबई शहरातील आकडे बोलके आहेत. तेथील युरोपियनांत मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ८ होते, सवर्ण हिंदूंत सुमारे १९, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींत ६१ च्या वर. विषाणू एकच, शहर एकच. घर किती कोंदट, काम किती वेळ, आजारात निजून राहण्याची मुभा कोणाला, यांवर जगणे-मरणे ठरले. आमच्या मते जातिव्यवस्थेवरील कित्येक वैचारिक ग्रंथांपेक्षा हे तीन आकडे वर्गात अधिक काही शिकवू शकतात.

बहिणाबाईंच्या गाण्यांचे दळणाशी आणि शेतातील कामांशी असलेले नाते आपण नेहमी कौतुकाने सांगतो. घरोटावर बसून पहाटे दळता दळता गाणे सुचले, असे म्हणताना त्या पहाटेमागची झोप आपण विसरतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला घरच्या भाकरीपुरते पीठ सूर्योदयापूर्वी काढावे लागे, तेही बाळंतपणांच्या आणि आजारपणांच्या मधल्या दिवसांत. पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी मागे पडली, याची खंत साहित्याच्या अभ्यासकांना वाटते आणि ती खोटी नाही. परंतु ज्या बाईच्या खांद्यावरचे जाते उतरले, तिला त्या खंतीत सहभागी करून घेण्यापूर्वी आपण तिचे मत विचारायला हवे. तिच्या दृष्टीने गिरणी म्हणजे झोपेचा एक प्रहर होता.

खानदेशाचा दुसरा कवी याच्या अगदी उलट टोकाचा वाटतो. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात ते ‘बालकवी’ ठरले. मराठीत आनंदाचा कवी म्हटले की त्यांचेच नाव पुढे येते. पण त्यांच्या आयुष्यात स्थैर्य असे फार थोडे आले. नोकरीची विवंचना, पैशाची ओढाताण आणि बिऱ्हाडांची फिराफीर हीच त्याची कहाणी आहे. ‘पारवा’सारख्या कवितेतले उदास एकटेपण त्यांच्याच लेखणीतून उतरले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या लोहमार्गाने जळगावला कापसाचे वैभव आणले, त्याच लोहमार्गावर हा कवी गेला, यात कोणतेही प्रतीक शोधण्याची घाई आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू, की त्यांच्या कवितेतला आनंद निसर्गात आहे, घरात आणि समाजात तो क्वचितच आढळतो. आनंदाला जिथे जागा मिळाली, तिथे तो वसला.

खानदेशातील सामान्य माणसाच्या सुखाचा दिवस कोणता, असे विचारले तर उत्तर येते आखाजी. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते, अहिराणी गाण्यांना ऊत येतो. या सणाच्या आनंदाचे कारण धार्मिक असेल त्याहून अधिक ऐहिक आहे : वर्षातून काही दिवस बाईला कोणी उठवत नाही. पण याच आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. वर्षभराच्या श्रमाचा ठराव एका दिवसात होतो. आजारपणाचा दिवस त्यात ‘खाडा’ म्हणून धरला जातो आणि रकमेतून वजा होतो. अर्थात ताप अंगावर काढणे हे सालदाराच्या दृष्टीने अज्ञान नसून हिशेब असतो. एकाच दिवशी एकीकडे झोका आणि दुसरीकडे खाड्यांची मोजणी, अशा या सणाविषयी लिहिताना आम्ही आजवर केवळ झोक्यांविषयी लिहिले, हे कबूल केले पाहिजे.

परिस्थिती आणि प्रकृती यांचा संबंध ओळखायला लोकांना विद्वानांची गरज पडली नाही. १९७२ च्या दुष्काळात शहाद्याच्या परिसरात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे, भूमिहीन भिल्लांची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनींचा, मजुरीचा आणि सालदारांच्या अटींचा प्रश्न हाती घेतला. पाठोपाठ आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. ज्या घरात मजुरी कमी येते आणि आली ती गुत्त्यात जाते, तेथे बाईचे अंग मार खाते आणि मुलांचे पोट रिकामे राहते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. मजुरी, जमीन, दारू आणि मारहाण हे चार प्रश्न त्यांच्या लेखी एकच होते. याच दुष्काळाच्या अनुभवातून राज्यात रोजगार हमीची योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तो विचार स्वीकारला. १८७७ मध्ये एक पौंड धान्यावर तोलला गेलेला मजूर शंभर वर्षांनी कायद्याने कामाचा हक्क मागू शकला. मधल्या काळात जे मिळवले गेले त्याची ही एक मोजणी आहे.

प्रश्न संपलेले नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल हा आजार आढळतो. तो रक्तातून, आईबापांकडून येतो, तेव्हा येथे तरी परिस्थितीचा संबंध नसावा असे वाटेल. पण तो घेऊन किती वर्षे आणि कशा अवस्थेत जगायचे, हे निदान वेळेवर झाले का, दवाखाना किती कोसांवर आहे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला गोळ्या मिळतात का, यांवरच अवलंबून असते. वारसा जन्माने मिळतो, त्याचा भार मात्र समाज ठरवतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बहिणाबाई समाधानी होत्या का? त्यांची गाणी वाचून आम्हांस असे वाटते, की त्यांच्यापाशी दुःखाला अर्थ देण्याची असामान्य शक्ती होती. ती शक्ती त्यांची होती. तिच्यावर दुष्काळाचा, प्लेगचा किंवा वैधव्याचा काही हक्क नाही. ‘प्रतिकूल परिस्थितीतही’ असे लिहून आपण ती परिस्थिती एका क्रियाविशेषणात गुंडाळतो आणि कवितेला पूरक अशी पार्श्वभूमी म्हणून खपवतो. त्यांच्यासारख्याच किती बायका त्या काळात गाणी न रचता, वा रचलेली कोणी न टिपल्याने, गेल्या असतील. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापली गेली, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तीही मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि आचार्य अत्रे यांच्यापर्यंत ती पोहोचली म्हणून.

आम्ही आमच्या टिपणांतले ते वाक्य काढून टाकले आहे. त्याच्या जागी १८८० ते १९५१ या वर्षांचा एक तक्ता देतो, ज्याच्या एका बाजूस बहिणाबाईंचे वय आणि दुसऱ्या बाजूस खानदेशातील दुष्काळ, साथी आणि कापसाचे भाव असतात. मधला रकाना रिकामा असतो. तो विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भरायचा. त्या मुलीने पहिल्या वर्षी तो भरून आणला तेव्हा तिच्या आजीच्या वयासमोर एकच नोंद वारंवार आली होती : ‘या वर्षी आखाजीला माहेरी जाता आले नाही.’