न भाजलेली शेजारीण पेशी

१९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमान यांनी विद्युतस्पंदांनी पेशीपटलाला क्षणिक छिद्रे पाडून डीएनए आत नेले. एरवी पटलाशी अडणारे ब्लिओमायसिन पुढे याच वाटेने कर्काच्या गाठीत शिरले. फ्रान्समधील पहिली रुग्णचाचणी १९९१ ची. उपचाराची हद्द इलेक्ट्रोडांपुरती, हे जवळपास गृहीतच होते. पुढच्याच वर्षी किरणोत्साराच्या अभ्यासाने अशा हद्दींवर शंका आणली : नागासावा व लिटल यांच्या प्रयोगात एक टक्क्याहून कमी पेशीकेंद्रकांना अल्फा कण भिडले, गुणसूत्रांतील अदलाबदल मात्र ३० टक्के पेशींत वाढलेली आढळली. विद्युतस्पंदांबाबत असाच पुरावा २०१६ मध्ये स्लोव्हेनियातून आला. स्पंद दिलेल्या पेशींचा द्रव अस्पर्शित पेशींना मिळताच त्यांचे जगण्याचे प्रमाण घटले. संशय पेशींनी सोडलेल्या सूक्ष्मपुटिकांवर आहे. शेजारीण कर्कपेशी असेल तर हा लाभच. निरोगी असेल तर प्रश्न गंभीर.