हृत्स्नायू कोशिकांचा मृत्यू

हृदयाच्या स्नायूतील कोशिका (पेशी) रक्ताच्या अभावी वा अन्य विकारामुळे कायमच्या नष्ट होण्याची क्रिया. या कोशिकांची भरपाई अत्यल्प होते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या साहाय्याने स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले की, वयाच्या २५ व्या वर्षी यांपैकी दरवर्षी सु. १% आणि ७५ व्या वर्षी ०·४५% कोशिकाच नव्याने निर्माण होतात.

या मृत्यूचा अभ्यास प्रथम शवचिकित्सेतून झाला. कार्ल व्हायगर्ट या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी १८८० च्या सुमारास, कोशिकेची बाह्याकृती टिकून तिचे केंद्रक नाहीसे होते अशा ‘क्लथनी ऊतकमृत्यू’चे वर्णन केले. परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे बदल रक्तप्रवाह थांबल्यावर कित्येक तासांनी दिसू लागतात; त्यामुळे कोशिका नेमकी केव्हा मेली, हे त्यांवरून कळत नसे. हृद्‌रोहिणी एकाएकी बंद पडली तरी रोगी दगावतोच असे नाही, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडले. पण त्याकडे प्रारंभी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मृत्यूची वेळ ठरविण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन विकृतिवैज्ञानिक रॉबर्ट जेनिंग्ज यांना द्यावे लागते. कुत्र्याची हृद्‌रोहिणी ठराविक काळ बांधून नंतर मोकळी करण्याचे त्यांचे प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. सु. २० मिनिटांच्या आत रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यास कोशिका सावरतात, असे त्यांतून दिसले. कीथ रायमर व जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये दाखविले की, मृत्यू आतील थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेप्रमाणे सरकतो. भिंतीच्या जाडीतील मृत भाग ४० मिनिटांनी सु. ३८%, ३ तासांनी ५७%, ६ तासांनी ७१% व २४ तासांनी ८५% आढळला. रोहिणी त्वरेने मोकळी करण्याच्या उपचारांना यातून भक्कम आधार मिळाला. इटलीत ११,००० हून अधिक रोग्यांवर स्ट्रेप्टोकायनेजची चाचणी झाली (१९८६). पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

मात्र रक्त परत येणे सर्वस्वी हितकारक नसते. त्या वेळी कोशिकेत कॅल्शियम साचते, कलकणूंच्या पटलातील छिद्रे उघडतात आणि ऊर्जानिर्मिती थांबते. ही छिद्रे बंद ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरीनने २००८ मधील लहान चाचणीत आशा निर्माण केली. २०१५ मधील मोठ्या चाचणीत ती टिकली नाही.

मृत्यूचा दुसरा प्रकार जॉन केर, अँड्रू वायली व ॲलॅस्टेअर करी यांनी १९७२ मध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ या नावाने वर्णिला. पानगळ सुचविणारा हा ग्रीक शब्द आहे. यात कोशिका फुटत नाही. ती आतील संकेतांनुसार आकसून तुकड्या-तुकड्यांनी नाहीशी होते. हृद्‌निष्फलतेत हा प्रकार किती घडतो, याविषयी १९९६–९७ मधील निष्कर्षांत मोठी तफावत होती : एका अभ्यासात हजारात दोन-तीन, तर दुसऱ्यात शेकडा पाचांहून अधिक. वापरलेले रंजन क्लथनी मृत्यूतील केंद्रकांनाही रंगवीत असल्याने मोठे आकडे जपूनच घ्यावयास हवेत. तथापि लहान आकडाही उपेक्षणीय नाही. २००३ मधील प्रयोगांत उंदरांच्या हृदयात एका वेळी लाखात केवळ २३ कोशिका अशा रीतीने मरत होत्या. निरोगी उंदरांत हे प्रमाण लाखात एक-दोन होते. काही महिन्यांत त्या उंदरांची हृदये विस्फारून ते मेले.