सिनेमातला भाई आणि गिरणगाव

नांदगावच्या मुलांनी आम्हाला आपल्या लघुपटाची संहिता दाखवली. त्यातला भाई लालबागचा. गॉगल लावतो, धमक्या देतो. पण त्याच्या घरी कोण कोण आहे, ते काही कळत नाही.

संपाने गुंड घडवले, असं आपण सहज म्हणतो. जरा तारखा बघा. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला ११ जानेवारीला, म्हणजे आठवडाभर आधी. आणि तो कीर्ती कॉलेजात शिकलेला! टोळ्या आधीच होत्या. संपानंतर त्यांना बेकार पोरं मिळत गेली. कारण वेगळं, परिस्थिती वेगळी. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा भेद घोकून घेत असू. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्या सगळ्यांची मुलं काही टोळीत गेली नाहीत.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात हे नेमकं आलंय. गिरणी कामगाराचं घर, एकाच आईची मुलं: एक लेखक, एक क्रिकेटवेडा आणि एक टोळीत गेलेला नरू. तुमच्या संहितेत भाईची आई एकाच प्रसंगात येते, तीही रडायला. त्याला कामावर जाणारा एक भाऊ द्या, आणि दोघांना शेजारी शेजारी जेवायला बसवा.